येळवशीच्या दिवशी तिजोरी हलली

ज्याचं कुणाशीच वाकडं नाही, अशा माणसाला मी सबंध नोकरीत कर्ज दिलं नाही. कर्ज मागायला कुणी समोर येऊन बसलं की कागदपत्रं बाजूला सारून मी पहिला प्रश्न हाच विचारायची, "अलीकडं पैशावरून तुमच्यावर कोण रुसलंय? आणि कामून?" खरा धंदेवाला लगेच सांगायचा. अमक्यानं ओला माल घातला म्हणून मी पैसे कापले, तेव्हापासून तो बोलत नाही. मेहुण्याला उधार दिलं नाही, तर बायकोनं अबोला धरला. असा माणूस मला आवडायचा, कारण त्याला 'नाही' म्हणता येतं. आणि जो हात जोडून म्हणायचा, "आपलं कुणाशीच काही न्हाई अक्का, सगळ्यांशी गोड," त्याला मी चहा पाजून परत पाठवायची. सगळ्यांशी गोड राहणारा उद्या माझ्याशीही गोडच राहणार आणि हप्ता मात्र देणार नाही, हे मला दिसत असायचं.

बीदरच्या एका सहकारी बँकेत मी कारकून म्हणून लागले आणि मुख्य व्यवस्थापक म्हणून बाहेर पडले. मधलं सगळं सांगत बसत नाही. आमच्या शाखा बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत, बहुतेक महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. आमचं गिऱ्हाईक घरात मराठी बोलतं, कागदावर कन्नडात सही करतं आणि व्याजावरून हुज्जत घालायची वेळ आली की दखनी उर्दूत शिरतं. मीही तशीच. कोण कुठल्या भाषेत चिडलंय त्यावरून त्याचा राग किती खरा आहे ते मला कळायचं. पाठीमागं लोक मला काय म्हणायचे ते ठाऊक आहे, पण समोर सगळे अक्काच म्हणायचे. माझ्याहून मोठेसुद्धा.

माझा दरारा होता, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. पुढाऱ्यांचे फोन यायचे, "आपला माणूस आहे, बघा जरा." मी म्हणायची, "आपलाच आहे तर जामीन राहा की साहेब, फॉर्म पाठवून देते." फोन आपोआप बंद व्हायचे. कुणी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घ्यायला लागायचा. मीही लिंगायत घरातली, माझ्याही गळ्यात तेच आहे. मी म्हणायची, "ते तिथंच राहू द्या, त्याला जामीनदार करू नका. हप्ता चुकला तर नोटीस मी कुणाच्या पत्त्यावर पाठवू?" ह्यावर रागावून गेलेली माणसं आहेत. बहुतेक परत आली, आणि येताना जमिनीच्या पहाणीचा उतारा घेऊन आली.

आता बँकेचं एक गुपित सांगते. गुपित म्हणजे, सगळ्यांना माहीत असूनही कुणाच्या ध्यानात राहत नाही असं. तुम्ही बँकेत ठेवलेला पैसा बँकेत नसतो. तो कुणाच्या ट्रॅक्टरमध्ये असतो, कुणाच्या दुकानातल्या मालात असतो, थोडा सरकारी रोख्यांत, थोडा दुसऱ्या मोठ्या बँकेत. शाखेच्या तिजोरीत रोजच्या देण्याघेण्यापुरतीच रोकड. रोज काही लोक काढतात, काही भरतात, आणि गाडा चालतो. पण सगळे एकाच दिवशी काढायला आले, तर जगातली कुठलीही बँक टिकत नाही, मग ती कितीही प्रामाणिक असो. म्हणून सावकाराला चोराची भीती असते आणि बँकवाल्याला अफवेची. माझ्या अख्ख्या नोकरीत ती भीती एकदाच खरी झाली, हुलसूरला.

हुलसूरची आमची शाखा एका भाड्याच्या खोलीत होती. पावसाळ्यात छत गळायचं, फाईलींवर प्लॅस्टिक टाकून काम चालायचं. म्हणून त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, आम्ही नवी जागा घेतली. सामान कधी हलवायचं ते शाखाधिकाऱ्यावर सोपवलं होतं. शाखाधिकारी शशिधर, म्हैसूरकडचा तरुण. बायको बीदरला सरकारी नोकरीत, म्हणून हा इकडं आलेला. कामाला चोख, नियमाला पक्का, मराठी मात्र शून्य. आमच्याशी कन्नडात बोलायचा, तेही असं स्वच्छ की आमच्या लोकांना वाटायचं रेडिओ लागलाय.

त्यानं दिवस निवडला येळवशीचा.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लातूर-उदगीरकडच्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते, त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा करायची, भज्जी, आंबील, उंडे, खीर खायची, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ओढून पंगतीला बसवायचं. दुकानं बंद, घराला कुलूप, म्हातारीकोतारीसुद्धा बैलगाडीत किंवा टमटममध्ये. शशिधरनं चौकशी केली, गाव रिकामं कधी असतं? कुणीतरी सांगितलं, येळवशीला. बस्स. त्यानं पोलिसांना पत्र दिलं, बंदूकवाला गार्ड बोलावला, मुख्य कार्यालयाचे दोन अधिकारी साक्षीला घेतले, आणि भर दुपारी रोकड, गहाण सोनं आणि शेवटी क्रेननं ती अवजड तिजोरी नव्या जागेत नेली. दारावर कन्नडात सूचना आधीच लावलेली होती. सुरक्षेच्या दृष्टीनं बघाल तर एक चूक काढता यायची नाही.

पण आमच्याकडं अवसेला लक्ष्मी उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. किराणा दुकानदारसुद्धा त्या दिवशी उधार देत नाही, सुट्टे मागितले तर उद्या या म्हणतो. आणि इथं अख्खी तिजोरी क्रेनला लटकून बाहेर पडली, तीही सगळं गाव शेतात गेलेलं बघून. दिवस कलताना पहिले लोक गावात परतले. जुन्या खोलीचं दार सताड उघडं, आत भिंतीला तिजोरीच्या आकाराचा पांढरा चौकोन, जमिनीवर ओरखडे. कुणीतरी फोटो काढला आणि खाली लिहिलं, बँक पळाली. दिवेलागणीपर्यंत तो फोटो भालकी, बसवकल्याण, निलंग्यापर्यंत पोचला होता.

मी कमठाण्याला भावाच्या शेतात होते. पानावर बसलेलीच होते तेवढ्यात फोन सुरू झाले. शशिधर म्हणाला, "म्याडम, लोक ओरडतायत. मी नव्या जागेची किल्ली दाखवतोय, तर म्हणतात किल्ली दाखवू नको, पैसा दाखव. माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही आणि सगळंच चुकलं. शटर पाड, घरी जा, सकाळी नेहमीपेक्षा लवकर ये." भावजय म्हणाली, "अक्का, जेवून तर घ्या." मी जेवले. उद्या जेवायला मिळणार नाही हे मला कळलं होतं.

मग अध्यक्षांचा फोन. ते बीदरचे बडे व्यापारी, मन चांगलं, पण घाबरले की शंभर उपाय सुचवायचे. म्हणाले, "उद्या शाखा बंद ठेवू, सर्व्हर डाऊन आहे म्हणून सांगा." मी म्हटलं, "सर्व्हर उद्या डाऊन म्हटलात तर परवा बँक डाऊन." मग म्हणाले, "पोलीस लावा." म्हटलं, "दारात पोलीस दिसले की लोकांना वाटतं चोर आत आहे." शेवटी म्हणाले, "निदान त्या शशिधरला निलंबित करा. लोकांना कुणावर तरी राग काढायचा असतो, काढू द्या." मी म्हटलं, "साहेब, ज्याच्या हातानं तिजोरी हलली त्याच्याच हातानं उद्या लोकांना पैसे मिळतील. त्याला काढलं, तर त्यानं चोरी केली असं आपणच सांगितल्यासारखं होईल." मग ते म्हणाले, "जबाबदारी तुमची." म्हटलं, "कधी नव्हती?"

सकाळी बीदरच्या मुख्य शाखेतून आणि वाटेत भालकीच्या शाखेतून मिळेल तेवढी रोकड गार्डसोबत गाडीत घातली. जास्तीची रोकड मोठ्या सरकारी बँकेच्या कोठारातून आणावी लागते, आणि ते त्यांच्या वेळेलाच उघडतं. तिथून दुसरी गाडी निघेल, दुपारनंतर पोचेल, असा हिशेब. तोवर माझ्याकडं होतं तेवढ्यावर दिवस काढायचा होता. ते पुरलं नाही, एका माणसालाही 'थांबा' म्हणावं लागलं, तर हुलसूर जाणार, आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या शाखांसमोर रांगा लागणार. ज्या बँकेत माझे केस पिकले ती एका दिवसात संपणार. गाडीत मी ड्रायव्हरला म्हटलं, हळू चालव, घाईत आलेत असं दिसायला नको.

नव्या जागेसमोर रांग रस्त्यापर्यंत आलेली. बायका प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक घेऊन, गडी टॉवेल खांद्यावर टाकून. मी पायरीवर उभी राहिले आणि म्हटलं, "तिजोरी हितंच हाय. जुनी खोली गळायलती म्हणून हलवली."

पुढून आवाज आला, "मग अवसेला कामून हलवलाव? आन आमी शेतात गेल्यावर कामून?"

बोलणारा मारुती. शिवारात दोन एकर काळं रान, बोलायला फटकळ. त्याचा प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, "चुकलं. सायब परमुलखातले, त्यास्नी म्हैत न्हवतं. ज्याला पैसे पायजेत त्यानं काढा. कोण काय विचारणार न्हाई."

आणि खरंच कुणाला काही विचारायचं नाही, अशी मी आत सगळ्यांना ताकीद दिली. कामून काढताय, थोडे ठेवा, व्याज बुडेल, ह्यातलं एक अक्षर नको. गिऱ्हाईक घाबरलेलं असताना त्याला समजावायला गेलं की त्याची खात्रीच पटते. जेवणाची सुट्टी नाही, दोन्ही खिडक्या चालू, बाहेर पाण्याचा माठ. शशिधर काउंटरला. त्याचा चेहरा उतरला होता, पण नोटा देताना हात स्थिर. एका बाईनं पैसे घेतले, दोनदा मोजले आणि त्यालाच विचारलं, "आता हे मी कुठं ठिवू?" बोलायचं नाही असं सांगितलेलं, शिवाय मराठीही समजलं नसावं. तो नुसता पंख्याकडं बघत राहिला. बाई बराच वेळ दाराशी उभी होती.

दुपारपर्यंत रांग घटली नाही, रोकड मात्र घटली. कोठारातली गाडी निघायलाच उशीर झाल्याचा निरोप आला. आणि नेमका तेव्हा शिवशरणप्पांची जीप दारात थांबली.

शिवशरणप्पा म्हणजे हुलसुरातले सगळ्यात मोठे अडते. शेतकरी आपलं सोयाबीन, तूर त्यांच्या दुकानी घालतो, ते पुढं हैद्राबादच्या पार्टीला विकतात आणि पैसे आले की शेतकऱ्याला देतात. अशी रीत. आमच्या शाखेत सगळ्यात मोठी ठेव त्यांची. ते आत आले आणि रांगेतली कुजबूज थांबली. जो तो बघायला लागला, अप्पा काय करतात. अप्पांनी काढले तर बुडणारच, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

ते माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. म्हणाले, "अक्का, तुमच्यावर माजा भरवसा हाय. पण समदी ठेव मोडा. रोख द्या."

"दुसऱ्या बँकेत पाठवते, अप्पा. आत्ता, तुमच्यासमोर."

"आज त्या बटणाचं काय खरं न्हाई. रोखच पायजे." मग जरा पुढं वाकून म्हणाले, "आन मागल्या दारानं द्या. जीप तिकडं घ्यायला सांगतो."

मागल्या दारानं का, ते मला लगेच समजलं. आता जे सांगते ते त्या दिवशी मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेरच्या रांगेतल्या कितीतरी शेतकऱ्यांचं सोयाबीन अप्पांकडं दिवाळीच्या सुमाराला गेलं होतं. पैसे मागायला गेलं की अप्पा म्हणायचे, हैद्राबादच्या पार्टीनं अडकवलेत. आणि त्या पार्टीचे पैसे त्यांच्या खात्यात केव्हाच आले होते, ते मी बघितलं होतं. त्यातूनच ही ठेव फुगली होती. लोकांचा पैसा आमच्याकडं ठेवून ते त्यावर व्याज खात होते. हे मला कित्येक दिवस ठाऊक होतं आणि मी गप्प होते, कारण गिऱ्हाईकाच्या खात्यात काय आहे ते बँकवाल्यानं कुणाला सांगायचं नसतं. आपल्या नवऱ्यालाही नाही. शेतकरी माझ्यासमोर बसून सांगायचे, अक्का, अप्पाकडनं आलं की भरतो, आणि मी मान हलवायची. आमच्या धंद्यातली ही गोष्ट मला अजून खुपते. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा गप्पच राहीन, कारण आज अप्पांचं खातं मारुतीला सांगितलं तर उद्या मारुतीचं खातं कुणालाही सांगेन.

मी म्हटलं, "अप्पा, मागल्या दारानं मी आजवर कुणाला पैसे दिले न्हाईत आन घेतले न्हाईत. मोठ्या लोकांला मागनं दिले असं आज बाहेर कळालं, तर ही बँक उद्या उघडायची न्हाई. रोख पायजे तर पुढं, समद्यांच्या देखत, मोजून घ्या."

ते विचारात पडले. बाहेर त्यांचे घेणेकरी, आत त्यांची ठेव. दोन्ही बाजूंनी कात्री. मी त्यांना चहा मागवला. तेवढ्यात शशिधर दारातून डोकावला आणि हळूच कन्नडात म्हणाला, "म्याडम, ह्यांना दिलं की मागं फारच थोडं उरतं. गाडी अजून भालकीच्याही पलीकडं आहे." अप्पांना कन्नड चांगलं समजतं. त्यांनी ते ऐकलं आणि कप खाली ठेवला. म्हणाले, "द्या. पुढंच द्या."

शशिधरवर त्या क्षणी मी जळफळले, खोटं कशाला बोलू. पण आता मागं फिरणं नव्हतं. नियमानं ठेव मोडली की रक्कम आधी खात्यात जाते, मग खात्यातून रोख. तेवढं करून मी शिपायाला सांगितलं, "आतलं मोठं टेबल हॉलमध्ये आण. मधोमध ठेव." एवढी रक्कम खिडकीतून देता येत नाही, हे कारण खरंच होतं. पण मी ठरवून केलं का, असं विचाराल, तर व्हय. अप्पांच्या खात्यातला एक आकडा मी कुणाला सांगितला नाही. आणि टेबल कुठं ठेवायचं ह्याबद्दल बँकिंगच्या कायद्यात काही लिहिलेलं नाही.

नोटा मोजायचं यंत्र टेबलावर आलं. बंडलावर बंडल. फर्रर्र करून यंत्र चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. सगळा हॉल मान उंच करून बघत होता. मागची माणसं आत सरकली. बँकेत पैसा नाही म्हणून आलेले लोक तो ढीग बघत होते, आणि ढीग वाढतच होता. मी भिंतीला टेकून उभी होते.

मारुती रांग सोडून टेबलाजवळ आला. म्हणाला, "अप्पा, हैद्राबादचं आलं वाटतं."

"हे ते न्हाई रे. हे माजं ठेवीचं हाय."

"ठेव व्हती व्हय? मला तर म्हणलाव, विष खायला पैसा न्हाई म्हणून." मारुतीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आठ दिवसाखाली पोरीच्या फीसाठी आलतो. पायरीवरनंच परत लावलाव."

दुसरा एक जण पुढं आला, मग तिसरा. "आमचं बी हाय की अप्पा." "सोयाबीन घालून दिवाळी गेली." कुणी ओरडलं नाही. पण बघता बघता खिडकीपुढची रांग वळली आणि टेबलापुढं उभी राहिली. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी इथं लिहू शकत नाही. मी म्हटलं, "पेन पायजे का अप्पा?"

त्यांना पेन लागला नाही. अडत्याला आपलं देणं तोंडपाठ असतं. कुणाची किती पोती, कितीत ओल धरली, किती उचल दिली, सगळं. एकदा द्यायचं ठरल्यावर मात्र त्यांनी घासाघीस केली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. एकेकाचं नाव घेऊन, रक्कम सांगून, हातावर ठेवत गेले. दोघातिघांना तर वर म्हणाले, उशीर झाला, व्याजाचं बघू. मारुतीनं आपले पैसे घेतले, थुंकी लावून मोजले, बंडीच्या आतल्या खिशात घातले आणि दारापर्यंत गेला. तिथं थांबला. बाहेर बघितलं, आत बघितलं. मग परत येऊन शशिधरच्या खिडकीपुढं उभा राहिला.

"भरायचं हाय," म्हणाला.

शशिधरला तेवढं मराठी समजलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. मारुती मागं वळून सगळ्यांना सांगायला लागला, "एवढालं घेऊन घरी जाऊन काय करू? हितं हाय तर खरं, डोळ्यांनी बघितलं की." सगळ्यांनी भरले असं नाही. बरेच जण घेऊन गेले, त्यांचा हक्कच होता. पण जे भरत होते ते काढणाऱ्यांना दिसत होते, आणि काढणारे विचार करायला लागले होते. सकाळी दाराशी उभी राहिलेली ती बाई परत आली आणि काही न बोलता पिशवी खिडकीत सरकवली. कोठारातली गाडी पोचली तेव्हा तिच्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. मी केबिनमध्ये जाऊन दार लावलं आणि पोटभर रडले. त्यात लाजायचं काय आहे?

बँक राहिली. शशिधरही राहिला, पुढं बढती घेऊन कलबुर्गीला गेला. पण खरी परीक्षा पुढंच होती, आणि ती माझी होती.

तुरीचा हंगाम सुरू झाला आणि शिवशरणप्पा पुन्हा केबिनमध्ये आले. ठेव मोडलेली, रोकड वाटलेली, आता माल घ्यायला भांडवल नव्हतं. खुर्चीत बसले आणि सरळ म्हणाले, "अक्का, तुमी मला भर बाजारात नागवं केलाव. आता कर्ज द्या."

मी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. कोण रुसलंय ते अख्ख्या हुलसूरला ठाऊक होतं. अध्यक्ष फोनवर म्हणाले, "देऊ नका, त्याची नियत दिसली." मी म्हटलं, "नियत दिसली हे खरं. पण तुमच्या-माझ्यासमोर गोड बोलणाऱ्या किती जणांची दिसलीय? ह्या माणसानं भर हॉलमध्ये सगळ्यांचं देणं फेडलं. नाइलाजानं फेडलं, पण फेडलं." अप्पांना मी सांगितलं, गोदाम तारण ठेवा आणि जामीनदार आणा. नातलग चालणार नाही, भागीदार चालणार नाही. ज्याच्याशी बाजारात तुमचा व्यवहार आहे असा माणूस पाहिजे.

दोन दिवसांनी ते जामीनदार घेऊन आले. मारुती.

जामीनदाराला मी नेहमी एकट्याला बसवून बोलायची. आमच्याकडं लोक लग्नातल्या पंगतीत शब्द टाकला म्हणून जामीन राहतात, नाही कसं म्हणायचं म्हणून सही करतात, आणि मग नोटीस आली की घर बसतं. म्हणून अप्पांना बाहेर बसवलं, दार लावलं आणि म्हटलं, "मारुती, त्यानं तुजे पैसे अडकवलते. पोरीच्या फीला दिले न्हाईत. त्यानं कर्ज बुडवलं तर तुजं रान जाईल, कळायलंय का? कुणी भीड घातली का?"

"कुणी न्हाई."

"मग कामून राहायलास?"

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "अक्का, माजा बाप त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. मी बी पायरीवरच बसायलो. माल आमचा, पैसा आमचा, आन इचारलं की वरनं म्हणणार, ये उद्या. जामीन राहिलो तर मला इचारायचा हक हाय का न्हाई? किती माल घेतलाव, कुणाचं दिलाव, कुणाचं राहिलं?"

"हाय. जामीनदाराला हक असतोच."

"मग कुठं करू सही?"

मी फॉर्म पुढं केला. त्यानं कन्नडात, मोठमोठ्या अक्षरांत, सही केली.

ते कर्ज वेळेत फिटलं, आणि पुढच्या प्रत्येक हंगामाच्या कर्जाला अप्पांचा जामीनदार मारुतीच राहिला. वसुलीला मला एकदाही जावं लागलं नाही. निवृत्तीनंतरही मी कधी बाजाराच्या दिवशी हुलसूरला जाते, आणि अप्पांच्या दुकानावरून मुद्दाम जाते. मारुती आत गादीवर बसलेला असतो, आणि अप्पा त्याला हिशेब सांगत असतात.